साठ मीटरचा धंदा

लोअर परळमध्ये आज कापड विकत मिळतं, विणलं जात नाही. पोदार आणि टाटा या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांत २०२० च्या टाळेबंदीपर्यंत काही काम सुरू होतं, नंतर तेही थांबलं. माझे वडील याच भागातल्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामात, होते. १८ जानेवारी १९८२ ला कामगारनेते दत्ता सामंत यांचा गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि पुढे काय झालं ते गिरणगावातल्या कुठल्याही घरात विचारा. आमच्या घरात आईनं शिलाई मशीन घेतलं. फ्रॉकच्या बाह्या जोडायच्या, डझनावर पैसे. मी शाळेतून आले की सुटे दोरे कापायला बसायची. कपड्याच्या धंद्यातली माझी पहिली नोकरी तीच म्हणायची, पगार नव्हता एवढंच.

आता याच लोअर परळमध्ये मी एक लहान लेबल चालवते. लेबल म्हणजे स्वतः बेतलेले, स्वतःच्या नावाची पट्टी लावलेले तयार कपडे. एका औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर गाळा आहे, तोही एका ब्लॉक प्रिंटवाल्याबरोबर वाटून घेतलेला. चार शिलाई मशीन, एक ओव्हरलॉक, कापायचं लांब टेबल, वाफेची इस्त्री. कटिंग मास्टर प्रतापगडचे, कारीगर बिहारचे, आणि हातशिलाई, काज-बटण, तपासणी यासाठी दोन मावशी, दोघी ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीत वाढलेल्या. महिन्याला शंभरेक कपडे बाहेर पडतात. जवळच, १९०५ साली सुरू झालेल्या फिनिक्स मिलच्या जागेवर मॉल आहे. तिथल्या परदेशी दुकानांत कपड्याची आतली पट्टी उलटून वाचा: बांगलादेश, व्हिएतनाम, तुर्कस्तान. भूगोलाचा तास होतो.

प्रदर्शनात स्टॉल लावला की कुणीतरी विचारतंच, “तुमचे कपडे सस्टेनेबल आहेत म्हणजे नेमकं काय?” पूर्वी मी कापूस, रंग, पाणी असं सगळं सांगायला लागायची. आता एकच गोष्ट आधी सांगते, साठ मीटर.

विदर्भातल्या आमच्या विणकरांशी ठरलंय की एका वेळी एक ताणा लावायचा, साठेक मीटरचा. ताणा म्हणजे मागावरचे उभे धागे. ते मोजायचे, एकेक ओवायचे, सारखे ताणून बसवायचे, यातच दोन-तीन दिवस जातात. त्यामुळे दहा मीटरसाठी कुणी ताणा लावत नाही, आणि मला सहाशे मीटर नको असतं. हातमागावर साधी वीण दिवसाला पाच-सहा मीटर होते. कापड मुंबईत आलं की आधी ते महालक्ष्मीच्या धोबीघाटावर जातं, कारण हातमागाचं सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं, आणि ते गिऱ्हाइकाच्या बादलीत आटण्यापेक्षा आमच्या खर्चानं आटलेलं बरं. साठाचं सत्तावन्न होतं. एका कुर्त्याला अडीच मीटर. म्हणजे त्या रंगाचे, त्या विणीचे बावीस कुर्ते, वर थोडं उरलेलं कापड. तेविसावा कुर्ता कितीही जणींनी मागितला तरी नाही.

या धंद्याचं मर्म मला तरी एवढंच वाटतं. कमी करायचं, आणि केलेलं सगळं विकलं जाईल इतकंच करायचं. सेंद्रिय कापसाचे दोन हजार कुर्ते शिवून त्यातले आठशे सेलमध्ये फुंकणाऱ्यापेक्षा साध्या बाजारी कापडाचे बावीस शिवून बावीस विकणारा निसर्गाला कमी तोशीस देतो, असं माझं ठाम मत आहे. या मतावर माझ्याच धंद्यातले काही लोक माझ्याशी भांडतात.

अडचण अशी की आजचा सगळा वस्त्रोद्योग मोठ्या आकड्यांसाठी मांडलेला आहे. गिरणीत फोन केला की पहिला प्रश्न, “किती हजार मीटर?” रंगाईवाल्याकडेही तेच. त्याच्या यंत्राला ठरावीक पाणी, वाफ आणि रसायन लागतं, मग आत पन्नास मीटर असो की पाचशे. मी हट्टानं पन्नास मीटर रंगवून घेतलं तर मीटरमागे पाणी कितीतरी जास्त जाईल. लहान म्हणजे आपोआप चांगलं, हा समज इथे टिकत नाही. लहान माणसानं मोठ्या यंत्रात शिरायचं नसतं. त्याला त्याच्या मापाचं साधन शोधावं लागतं, हातमाग, हातछपाई, पातेल्यात होणारी रंगाई, नाहीतर दुसऱ्याचं उरलेलं कापड.

उरलेल्या कापडाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण त्याची चर्चा कमी होते. निर्यातदाराची ऑर्डर रद्द होते, रंग एक छटा चुकतो, शंभर मीटर जास्त विणलं जातं. असे ताके सरप्लसवाल्यांकडे येतात आणि कधी मीटरवर, कधी किलोवर विकले जातात. कापड आधीच तयार झालेलं असतं, त्यासाठी नवीन कापूस लागत नाही. पण ताक्यावर काय लिहिलंय यावर विश्वास ठेवायचा नाही. ‘प्युअर कॉटन’ म्हणून दिलेल्यात पॉलिएस्टर निघतं. त्याची परीक्षा काडेपेटीनं करायची, तीही उभे आणि आडवे धागे वेगवेगळे काढून. सुती धागा भराभर जळतो, जळक्या कागदाचा वास येतो, राख बोटांत चोळली की पीठ होते. पॉलिएस्टर जळताना आक्रसतं, वितळतं, टोकाला कडक काळी गोळी उरते आणि वास प्लॅस्टिकचा. रेशीम आणि लोकर यांना जळक्या केसांचा वास येतो. दोन्ही धागे जाळण्याचं कारण असं की उभा सुती आणि आडवा पॉलिएस्टर, अशी कापडं सर्रास असतात. ही परीक्षा घरीही करता येते, आतल्या शिवणीतले दोन धागे काढून, मोरीत, लहान मुलांना बाजूला ठेवून.

  

आता ‘लोकल’ या बिल्ल्याकडे येते. आमच्या पट्टीवर ‘मुंबईत शिवलेले’ असं असतं. ‘मुंबईत बनवलेले’ असं मी लिहीत नाही. कापूस यवतमाळ-वर्ध्याकडचा असला तरी तो तिथून थेट माझ्या टेबलावर येत नाही. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, रुईच्या १७० किलोच्या गाठी बांधल्या जातात, आणि त्या गाठींतल्या बऱ्याच दक्षिणेतल्या सूतगिरण्यांकडे जातात. विदर्भातला विणकर जे सूत मागावर लावतो ते कोइम्बतूरहून परत आलेलं असू शकतं. म्हणजे बोंड फुटलं विदर्भात, धागा झाला तमिळनाडूत, कापड पुन्हा विदर्भात, कुर्ता लोअर परळमध्ये. हे टाळायचं तर जिथे कापूस तिथेच सूत काढायला हवं, आणि ते खादीचं मूळ गणित आहे. वर्ध्याचं मगन संग्रहालय पाहिलं तेव्हा हे नीट डोक्यात शिरलं. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी यांच्या नावानं उभी राहिलेली ही संस्था आजही सेंद्रिय कापसाची खादी आणि वनस्पतींचे रंग यावर काम करते. आम्ही आज जे ‘नवं’ म्हणून विकतो ते तिथे किती जुनं आहे हे पाहून आपली फुशारकी जरा उतरते.

कापसातही जुन्याकडे वळून पाहावं लागतं. २००२ साली देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि बघता बघता जवळपास सगळी कपाशी बीटीची झाली. जुने देशी वाण मागे पडले. त्याचं एक कारण यंत्रांतही आहे. देशी कापसाचा धागा आखूड, आणि सूतगिरण्यांची यंत्रं लांब धाग्याच्या अमेरिकी जातींसाठी बसवलेली. देशी कपाशी कमी पाण्यात तग धरते, रसशोषक किडींना बऱ्यापैकी दाद देत नाही, पण तिचं सूत कातायला हातचरखा किंवा अंबर चरखा बरा पडतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या बातम्या आल्या तेव्हा मी एका निर्यातगृहात नोकरीला होते. तिथे रोज कापडाच्या दर्जाची चर्चा व्हायची, या बातमीची झाली नाही. लेबल काढायचा विचार त्याच्याही आधीचा, पण सेंद्रिय कापूस शोधायला मी लागले ते तेव्हापासून.

एका टीशर्टला सत्तावीसशे लिटर पाणी लागतं, हा आकडा तुम्ही कुठेतरी वाचला असेल. जगभराची सरासरी म्हणून तो फिरत असतो. विदर्भातली बहुतेक कपाशी कोरडवाहू आहे, ती पावसावर येते. तिथे कालव्याचं पाणी वाचवल्याच्या गप्पा मारायला जागा नाही. तिथला प्रश्न फवारणीचा, बियाण्याच्या खर्चाचा आणि भावाचा आहे. परदेशी पुस्तिकेतलं वाक्य उचलून आपल्या टॅगवर छापण्याआधी एवढं तरी पाहायला हवं.

टॅगवर काय छापता येत नाही, हेही सांगते. हातमाग आणि खादी यांत फरक आहे. हातमागाच्या कापडाची वीण हातानं, सूत गिरणीचं चालतं. खादीचं सूतही हातानं कातलेलं लागतं. आणि २०१३ च्या खादी मार्क नियमांनुसार खादी आयोगाच्या प्रमाणपत्राशिवाय कुणालाही आपला माल खादी म्हणून विकता येत नाही. शंभर टक्के हातकताईचं कापड प्रमाणित संस्थेकडून घेऊन मी कुर्ता शिवला, तरी माझ्या लेबलाला स्वतःचं प्रमाणपत्र नसेल तर ‘खादी कुर्ता’ म्हणायची सोय नाही. सेंद्रिय कापडाच्या ‘गॉट्स’ या जागतिक खुणेचंही असंच. सूतगिरणी, विणकर, रंगाई, शिलाई, साखळीतला प्रत्येक दुवा तपासून प्रमाणित झालेला असला तरच ती खूण वापरता येते. चार मशीनच्या गाळ्याला तो खर्च झेपत नाही. मला हे नियम चूक वाटत नाहीत, कारण नियम नसते तर भिवंडीच्या पॉवरलूमचं कापड खादी म्हणून विकणाऱ्यांचं फावलं असतं. पण परिणाम असा की आमच्या टॅगवर मोठे शब्द येत नाहीत. ‘हातमागाचं सुती कापड, विदर्भ. शिलाई लोअर परळ.’ बस्स.

आणि एक गोष्ट जी कुणीच टॅगवर लिहीत नाही. शिवणदोरा पॉलिएस्टरचा असतो. आमचाही आहे. सुती दोरा वेगाच्या मशीनवर तुटतो, आणि तुटला नाही तरी वर्षभरात काखेत आणि खिशाच्या कोपऱ्यात झिजून शिवण उसवते. कापड धड आणि शिवण गेलेली, असा कुर्ता फेकला जातो. म्हणून आम्ही पॉलिएस्टर वापरतो आणि विचारणाऱ्याला सांगतो. कॉलरमधलं बकरम मात्र सुती मिळतं, थोडं महाग, तेवढं घेतो.

रंगांच्या बाबतीत लोकांचा समज फार गोड असतो. नीळ, मंजिष्ठा, डाळिंबाची साल, हिरडा, लोखंडाचा गंज आणि गूळ आंबवून केलेला काळा, हे रंग सुंदर येतात यात शंका नाही. पण नीळ सोडली तर ते धाग्यावर पक्के बसायला तुरटीसारखा क्षार लागतो, अनेक पाण्यांत धुवावं लागतं, आणि सगळं करूनही उन्हात थोडे विटतात. हिरड्यावरच्या लोखंडी काळ्यावर लिंबू पिळलं तर तिथे फिकट डाग पडतो. एका ताईंनी सरबताचा डाग दाखवत विचारलं, “रंग नैसर्गिक आहे तर डाग का पडला?” नैसर्गिक आहे म्हणूनच पडला, हे त्यांना पटवणं अवघड गेलं. आता कुर्त्याबरोबर एक चिठ्ठी देतो, लिंबू आणि चिंचेपासून जपा म्हणून.

टेबलावर या. खरी बचत इथे होते, मास्टरांच्या हातात. कापडाचा पन्हा चव्वेचाळीस इंच. त्यावर मागची बाजू, पुढची बाजू, बाह्या, कॉलर, खिसे असे बसवायचे की मधे कमीत कमी चिंधी उरावी. मी कागदावर काढलेल्या गोल घेराला मास्टरांनी एकदा नजर टाकूनच नकार दिला. “मॅडम, ये गोलाई में कपडा बहुत जाएगा. दो सूत इधर से लेते हैं, कली डालते हैं.” सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्या दोन सुतांत आणि कळ्यांत एका ताण्यामागे आणखी एक कुर्ता निघाला. आपले जुने कपडे बघा, कळीदार अंगरखा, बंडी, चौबगला लावलेली पैरण. सगळे चौकोन आणि त्रिकोण. कापड हातानं विणलेलं, महागाचं, त्यामुळे त्याचा तुकडा वाया घालवणं कुणाला परवडत नव्हतं. गोल काखा आणि खोल वळणं आली ती पुढे, कापड स्वस्त झाल्यावर.

तरीही चिंध्या उरतात. चिंध्यांच्या पिशव्या, बटवे, हेअरबँड करून विकायची सध्या फार हौस आहे. आम्हीही करून पाहिलं. एका बटव्याला लागणारा वेळ आणि पगार मोजला तर तो तीनशे रुपयांना विकावा लागतो, आणि तीनशेचा बटवा लोक घेतात तो गरजेपोटी नाही. म्हणजे आपण कचरा कमी करण्यासाठी एक नको असलेली वस्तू तयार केली. आता मोठे तुकडे वेगळे ठेवतो, त्यातून दुरुस्तीची ठिगळं निघतात. मधले तुकडे एक मावशी घरी नेतात, त्यांच्या नणंदा-जावा मिळून गोधडी घालतात आणि त्या गोधडीचे पैसे त्यांचेच. अगदी बारीक चिंधी किलोवर जाते, गॅरेजमध्ये यंत्रं पुसायला. सुती असल्यानं ती तेल टिपते, म्हणून तिला भाव येतो. पॉलिएस्टरची चिंधी कुणी घेत नाही.

गिरण्या चालू होत्या तेव्हा फेंट, म्हणजे ताक्यांचे उरलेले तुकडे, आणि चिंध्या वजनावर विकल्या जायच्या, आणि आमच्या चाळीत निम्म्या घरांचे परकर, उशांचे अभ्रे त्यातूनच शिवलेले असायचे. दुपारी बोहारीण यायची, जुन्या साड्यांवर पातेलं द्यायची, आणि त्या साड्या पुढे कुणाच्या तरी अंगावर जायच्या. ‘सर्क्युलर फॅशन’ या नावाची व्याख्यानं ऐकायला मीही जाते. चहा चांगला असतो.

शिलाईचा दर हा या धंद्यातला सगळ्यात अवघड प्रश्न, आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. मुंबईत बहुतेक शिलाई पीस रेटवर चालते. कारीगर जितके नग काढेल तितके पैसे, काम नसेल त्या दिवशी शून्य. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळची राणा प्लाझा इमारत कोसळली, अकराशेहून जास्त माणसं गेली, तेव्हा जगाला कळलं की स्वस्त कपड्याची किंमत दुसरं कुणीतरी चुकवत असतं. आपल्याकडच्या पोटमाळ्यांवरच्या कारखान्यांकडे मात्र कुणी फारसं पाहिलं नाही. आम्ही कारीगरांना महिन्याचा पगार देतो. त्यामुळे शिलाईचा वेग थोडा कमी असतो, आणि टाका चांगला येतो. आईच्या डझनभर बाह्यांचा हिशेब मला अजून पाठ आहे, तेव्हा या बाबतीत माझ्याकडून तटस्थतेची अपेक्षा ठेवू नका.

आता पैसे. एका हातमागाच्या कुर्त्याचा हिशेब मांडते, थोडा गोळाबेरीज करून. कापड साडेनऊशे. धुणं आणि आटल्याचं नुकसान सत्तर. कापणं सत्तर. शिलाई तीनशे ऐंशी. काज, बटण, इस्त्री, तपासणी ऐंशी. दोरा, बटणं, पट्टी पन्नास. झाले सोळाशे. गाळ्याचं भाडं, वीज, नमुने, फोटो यांचा वाटा साडेचारशे. पिशवी आणि कुरियर शंभर. एकवीसशे पन्नास. अडीच हजाराला विकला तर हातात साडेतीनशे, त्यातून वर्षभरात न विकलेले, बदलून दिलेले आणि दुरुस्त केलेले कपडे भागवायचे. दुकानात ठेवायला दिला तर दुकानदाराचा वाटाच तीस-चाळीस टक्के. म्हणून आम्ही दुकानांत फार कमी माल देतो.

अडीच हजार हा आकडाही माझ्या मनानं आलेला नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून कपड्यांवरचा जीएसटी बदलला. नगाची विक्री किंमत अडीच हजारापर्यंत असेल तर ५ टक्के, त्याहून जास्त असेल तर १८. आधी ही रेघ हजारावर होती आणि वरचा दर १२ होता. हजार ते अडीच हजारांतल्या मालाला याचा फायदाच झाला, ते खरं. पण २,५०० चा कुर्ता करासह २,६२५ ला पडतो, आणि मी किंमत शंभरनं वाढवून २,६०० केली तर तो ३,०६८ ला पडतो. माझे शंभर वाढले, गिऱ्हाइकाचे चारशे त्रेचाळीस. सुताचा भाव चढला की हे शंभर कुठून काढायचे? बाही तीन इंच आखूड करायची, खिसा एकच ठेवायचा, की शिलाईतून कापायचे? बाजारात बहुतेकजण तिसरा मार्ग घेतात. आम्ही बाही आखूड केली. या वर्षी आमच्या कुर्त्यांच्या बाह्या कोपरापर्यंतच का आहेत असं विचारणाऱ्यांना आता उत्तर मिळालं असेल. ती फॅशन नाही, कररचना आहे.

एवढे पैसे सगळ्यांना परवडत नाहीत, आणि ज्यांना परवडत नाहीत त्यांनी अपराधी वाटून घ्यायचं काही कारण नाही. खरं तर आमच्या गल्लीच्या तोंडाशी जिन्याखाली बसणारा शिंपी आमच्याहून जास्त टिकाऊ फॅशन करतो. माप घेऊन शिवतो, मागणी आल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही, जुनं उसवून मोठं करून देतो, उरलेलं कापड पिशवीत घालून परत करतो. त्याच्या दुकानावर हिरवं पान काढलेलं नाही म्हणून कुणी त्याच्यावर लेख लिहीत नाही. त्याच्याकडे नेण्यासारखं कापड घ्या, ते माझ्याकडे येण्याइतकंच चांगलं.

तयार कपडा घ्यायचाच असेल तर तो आधी उलटा करा. आत बाजूच्या शिवणीला निदान अर्धा-पाऊण इंच माया सोडलेली आहे का बघा, म्हणजे अंग वाढलं तर उसवून सैल करता येईल. कापड वाचवण्यासाठी कारखान्यात ही माया पाव इंचावर आणतात आणि ओव्हरलॉक मारून मोकळे होतात. बाहीचा जोड ओढून पाहा, टाक्यांत फट दिसली तर ठेवून द्या. बटणाखाली जादा कापड आहे का, जादा बटण आतल्या पट्टीवर शिवलंय का, हेही पाहा. कपडा किती वर्षं चालणार ते यात कळतं, टॅगवरच्या झाडाच्या चित्रात नाही. आमच्याकडे शिवलेला कपडा आम्ही कधीही दुरुस्त करून देतो, फुकट. पावसाळ्यात ट्रेनच्या दारात फाटलेला कुर्ता घेऊन आलेल्या मुलीला मावशींनी त्याच कापडाचं ठिगळ लावून दिलं, आणि वर चांगलं ऐकवलंही, “दारात कशाला उभी राहतेस गं?”

“मोठं का करत नाही?” असं विचारणारे भेटतात, त्यांतले काही पैसे घालायलाही तयार असतात. मागे एका गृहस्थांनी महिन्याला दोन हजार नगांचा आराखडाच आणला होता. मी त्यांच्यासमोर उलटा हिशेब केला. दोन हजार कुर्त्यांना पाच हजार मीटर कापड. एका मागावर दिवसाला सहा मीटर आणि महिन्याला पंचवीस दिवस धरले तर दीडशे मीटर, म्हणजे तेहतीस-चौतीस माग फक्त माझ्यासाठी, बारा महिने. ते नाहीत, म्हणून कापड पॉवरलूमचं. चार मशीनवर ते शिवून होत नाही, म्हणून काम ठेकेदाराकडे, आणि ठेकेदाराकडे पीस रेट. मग माझ्याकडे उरलं काय, तर नावाची पट्टी. ते म्हणाले, “पण ब्रँडच तर विकायचा असतो.” त्यांच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. आम्ही चहा घेतला आणि ते गेले.

लहान राहण्यालाही खालून एक मर्यादा आहे, ती भाड्याची. वसाहतीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू आहेत, आमचा करार संपत आलाय. वसईत निम्म्या भाड्यात दुप्पट जागा मिळते. मास्टर नालासोपाऱ्याला राहतात, त्यांना ते सोयीचं. मावशींना मात्र रोज विरारच्या गाडीत चढणं जमणार नाही, आणि त्यांच्या काजासारखं काज करणारी दुसरी माणसं मला माहीत नाहीत. सध्या घोडपदेवला तळमजल्यावरची एक जागा पाहिली आहे. उजेड बरा आहे, पाणी आहे, वायरिंग फार जुनं आहे. २९ डिसेंबर २०१७ च्या, लोअर परळमधल्याच कमला मिलच्या आगीत १४ माणसं गेली. कापड, दोरे आणि तापलेली इस्त्री जिथे दिवसभर एकत्र असतात तिथे जुनं वायरिंग मी चालवून घेणार नाही. ते बदलून दिलं आणि दुसरा दरवाजा मोकळा करून दिला तरच जागा घेऊ, असं मालकांना कळवलंय. ते म्हणाले, दिवाळीनंतर बघू.